काजळी आणि इंजिन : जुन्या मोटारींच्या देखभालीतील एक मागे पडत चाललेली विद्या

पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या शेकडो संयुगांचे मिश्रण असून त्याला पुरेशी हवा, पुरेसे तापमान आणि पुरेसा वेळ मिळाला, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांखेरीज फारसे काही उरू नये, असे रसायनशास्त्र सांगते. मोटारीच्या सिलिंडरात मात्र या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे क्वचितच मिळतात, आणि जे अर्धवट जळते त्याचा काही भाग सायलेन्सरवाटे बाहेर न पडता आतच, पिस्टनच्या माथ्यावर, सिलिंडर हेडच्या पोकळीत, व्हॉल्व्हच्या मानेवर आणि पिस्टन रिंगांच्या खाचांत बसून राहतो. गॅरेजमध्ये या थराला नुसते ‘कार्बन’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात कार्बनबरोबर हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, इंजिन ऑइलचे करपलेले अंश असतात आणि ऑइलमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम व जस्ताच्या संयुगांची राखही असते. म्हणूनच हा थर एकाच इंजिनात एका जागी डांबरासारखा चिकट, दुसऱ्या जागी भुसभुशीत आणि तिसऱ्या जागी दगडासारखा टणक सापडतो. हा फरक कार्बन साफ करणाऱ्याने आधी लक्षात घ्यावा असा आहे. कारण थर कुठे, किती आणि कोणत्या जातीचा बसला आहे, यावरून इंजिनात नेमके काय बिघडले आहे ते कळू शकते, आणि एकदा खरवडून टाकला की तो पुरावा परत मिळत नाही.

थर बसण्याची क्रिया समजून घेतली, तर शहरात फिरणाऱ्या गाडीत कार्बन का साचतो आणि लांब पल्ल्याच्या गाडीत तो तुलनेने कमी का असतो, हे सहज उलगडते. ठिणगी पडल्यावर सिलिंडरातील वायूंचे तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पण भोवतालची धातूची भिंत रेडिएटरच्या पाण्याने थंड ठेवलेली असल्यामुळे भिंतीला अगदी लागून असलेल्या पातळ थरात ज्योत विझते आणि तिथले इंधन न जळता राहते. इंधनातले जड, उशिरा उकळणारे घटक या थंड पृष्ठभागावर दवासारखे धरतात, उष्णतेने त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पहिले पातळ पटल तयार होते. रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते त्या नळीतून, वर आलेले ऑइल याच पटलावर करपते. फोडणीच्या कढईच्या बाहेरच्या अंगावर वर्षानुवर्षे चढलेल्या कीटाची घडण हीच असते. पृष्ठभागाचे तापमान साधारण 300 अंशांच्या पुढे गेले की नवा थर धरेनासा होतो आणि जुना हळूहळू जळू लागतो. थर स्वतः उष्णतारोधक असल्याने तो जसजसा जाड होतो तसतसा त्याचा वरचा पृष्ठभाग तापतो, आणि अखेर जेवढे जमते तेवढेच जळून जाते, अशी समतोलाची अवस्था येते. ही अवस्था कोणत्या जाडीला येईल, हे गाडी कशी चालवली जाते यावर ठरते: महामार्गावर तासन्‌तास धावणाऱ्या गाडीत ती लवकर येते, तर सिग्नलमागून सिग्नल ओलांडत, गरम होण्याआधीच बंद होणाऱ्या गाडीत फार उशिरा येते.

या विवेचनासाठी उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेणे सयुक्तिक ठरेल, कारण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांनी मोटार म्हणून जी पाहिली ती बहुधा हीच, आणि मुंबईच्या रस्त्यांवर कार्बन साचण्यास अनुकूल अशी जवळजवळ प्रत्येक परिस्थिती तिच्या वाट्याला आली. वालचंद उद्योगसमूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार होणारी 1100 डिलाइट ही गाडी 1964 पासून बाजारात होती. तिलाच 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, 1089 घन सेंटिमीटर क्षमतेचे. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास, ज्याला स्ट्रोक म्हणतात, तो 75 मिलिमीटर. इंधन कार्ब्युरेटरने मिसळले जाई आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक हाताने ओढावा लागे. चोक म्हणजे हवेची वाट अरुंद करून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप. ती ओढलेली विसरली किंवा तिची तार अडकून ती अर्धवट बंद राहिली, तर इंजिन दिवसभर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत राहते आणि काळी, कोरडी काजळी झपाट्याने साचते.

त्यात भर पडली ती एका सवयीची. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची रीत भारतभरच्या गॅरेजांत रुजली आणि आजही ती पुरती गेलेली नाही. थर्मोस्टॅट ही इंजिन व रेडिएटर यांच्यामधली उष्णतेने उघडणारी झडप असून, पाणी ठराविक तापमानाला पोहोचेपर्यंत ती त्याला इंजिनातच फिरवत ठेवते. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून वाहू लागते, इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत ते कित्येकदा पुरेसे तापतच नाही. मूळ दोष बहुतेक वेळा गाळाने तुंबलेल्या रेडिएटरमध्ये किंवा सैल पडलेल्या पंख्याच्या पट्ट्यात असतो. त्यावर हा उपाय करणाऱ्याने एका दोषाच्या बदल्यात दुसरा विकत घेतलेला असतो, आणि हे स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे, कारण असा ‘उपाय’ केलेल्या गाडीचा कार्बन कितीही वेळा काढला तरी तो तितक्याच वेगाने पुन्हा बसतो.

इंधनाचा वाटा याहून मोठा होता. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, मिसळले की इंजिनातील ठोके थांबतात, हा शोध 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांच्या प्रयोगातून लागला आणि पुढची अनेक दशके जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसे राहिले. शिशाचे ऑक्साइड सिलिंडरात साचू नये म्हणून ब्रोमीन आणि क्लोरीन यांची संयुगेही सोबत घातली जात. त्यामुळे बरेचसे शिसे बाहेर हवेत जाई आणि उरलेले राखाडी, टणक थराच्या रूपाने आत राही. भारतात 1995 मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. त्याआधी चाललेली आणि नंतर कधीच न उघडलेली इंजिने आजही संग्राहकांकडे सापडतात. अशा इंजिनातील राखाडी थर कोरडा खरवडून त्याची धूळ उडवणे धोक्याचे असते. तो रॉकेलने भिजवून, हातमोजे आणि मास्क घालून काढावा आणि चिंध्या वेगळ्या बांधून टाकाव्यात, ही काळजी घेणे आवश्यक आहे.

शिशाइतकाच किंवा त्याहून अधिक त्रास भेसळीने दिला. रॉकेल साधारण 150 ते 300 अंशांच्या दरम्यान उकळते, म्हणजे त्याचा मोठा भाग पेट्रोलच्या तुलनेत उशिरा वाफ होतो. त्याची ठोका सहन करण्याची क्षमता, ज्याला ऑक्टेन अंक म्हणतात, फारच कमी असते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की न उडालेला भाग भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरतो, ऑइल पातळ होते, रिंगा झिजतात आणि वर टणक कार्बन बसतो. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला गेला, तरी दोन दरांमधली तफावत एवढी होती की धंदा थांबला नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीचा प्रकार उघडकीस आणण्यासाठी थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्हवर सापडणाऱ्या काळ्या थराच्या इतिहासात या घटनेचाही समावेश करावा लागतो, कारण तो थर निव्वळ यंत्राच्या दोषाने बसलेला नव्हता.

साचलेल्या थराचा परिणाम किती होतो, हे एका साध्या हिशेबाने दाखवता येते. वर दिलेल्या मापांनुसार पद्मिनीच्या एका सिलिंडरात पिस्टन सुमारे 272 घन सेंटिमीटर जागा व्यापत वर-खाली जातो. दाबाचे गुणोत्तर, म्हणजे मिश्रण मूळच्या कितव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबले जाते तो आकडा, 7.5 धरला, तर पिस्टन अगदी वर असताना हेडमध्ये उरणारी पोकळी सुमारे 42 घन सेंटिमीटरची भरते. पिस्टनचा माथा आणि हेडची पोकळी मिळून अंदाजे 75 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सरासरी 0.4 मिलिमीटरचा थर बसला, तर तो 3 घन सेंटिमीटर जागा खातो आणि गुणोत्तर 8 पर्यंत चढते. अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडीच्या थराने इंजिनाला अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलची गरज निर्माण केली, असा याचा अर्थ. शिवाय हा थर उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आत येणारे मिश्रण आधीच तापते आणि ठिणगीची ज्योत सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते. चढावर टॉप गिअरमध्ये जोर दिला की बोनेटखालून जी खडखड ऐकू येते, जिला कारागीर नॉकिंग म्हणतात, ती याचीच. थराचा एखादा धारदार कण लालबुंद होऊन ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटवू लागला, तर तो प्रकार याहून घातक असतो. आणि चावी बंद केल्यावरही इंजिन काही क्षण खोकत फिरत राहते, तेव्हा त्यामागेही बहुतेकदा असाच तापलेला कण असतो.

व्हॉल्व्हवरचा आणि रिंगांतला कार्बन वेगळ्या वाटेने नुकसान करतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये कण अडकला, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, फटीतून जळते वायू निसटतात आणि काही काळाने व्हॉल्व्हची कडच जळते. रिंगा खाचेत चिकटल्या, तर त्या भिंतीला लागून राहत नाहीत. गाडी ‘ऑइल खाऊ’ लागते, मागून निळसर धूर निघतो, आणि ते ऑइल करपून आणखी कार्बन तयार होतो. पिकअप गेला, मिसिंग मारते, अ‍ॅव्हरेज पडला, अशा गॅरेजमधल्या नेहमीच्या तक्रारींमागे अनेकदा हेच दुष्टचक्र असते, मात्र दर वेळी नव्हे. इग्निशनचे कॉइल, कार्ब्युरेटरचे जेट किंवा नुसता तुंबलेला एअर फिल्टरही नेमकी हीच लक्षणे दाखवू शकतो.

त्यामुळे हेड उतरवण्याआधी तपासणी आवश्यक ठरते, आणि ती फारशी खर्चिक नाही. चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडले की पुष्कळ काही समजते: पोर्सेलिनचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे, कोरडी, मखमली काजळी जास्त पेट्रोल सुचवते, ओला, तेलकट काळा थर ऑइल वर येत असल्याचे सांगतो. प्लगचे टोक साधारण 450 अंशांच्या वर तापले तरच स्वतःवरची काजळी जाळू शकते, म्हणून चुकीच्या उष्णता-श्रेणीचा, गरजेपेक्षा ‘थंड’ प्लग लावलेला असल्यासही तो काळाच राहतो. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम असताना सर्व प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आणि इग्निशनची जोडणी सोडवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतली तफावत अधिक बोलकी असते; एखादा सिलिंडर इतरांहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागे पडला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. आणि चारही आकडे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा वर असतील, तर ‘कॉम्प्रेशन मस्त आहे’ असे म्हणून आनंद मानण्याचे कारण नसते, कारण पोकळी कार्बनने भरल्याचे ते लक्षण असू शकते. आता प्लगच्या भोकातून आत जाणारा, मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेराही स्वस्तात मिळतो. जुन्या पिढीच्या कारागिरांकडे ही सोय नव्हती, आणि ज्या गॅरेजकडे आज तो नाही त्याने कार्बन क्लीनिंगचा दर फलक लावू नये, असे म्हणणे अवास्तव ठरू नये.

हेड उतरवून कार्बन काढण्याच्या कामाला जुन्या मॅन्युअलांत डीकार्बनायझिंग असे भारदस्त नाव आहे. मोटारींच्या पहिल्या काही दशकांत ते ऑइल बदलण्याइतके नित्याचे होते; रात्रभर सिलिंडरात रॉकेल ओतून ठेवण्यापासून प्लगच्या भोकातून ऑक्सिजनचा झोत सोडून कार्बन जागच्या जागी जाळण्यापर्यंत नाना प्रकार तेव्हा चालत. ऑइल आणि पेट्रोल सुधारले, तशी ही गरज कमी होत गेली. पद्मिनीसारख्या साध्या रचनेच्या इंजिनात ते काम आजही एका माणसाला सुट्या अवजारांनी दोन दिवसांत निगुतीने करता येते.

रेडिएटरचे पाणी आणि बॅटरीची जोडणी काढल्यावर एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड सोडवतात. वरचे झाकण काढले की रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची रांग दिसते. ती आणि तिच्याखालचे पुशरॉड काढताना प्रत्येकाची जागा लिहून ठेवावी लागते, कारण वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून जुळलेले भाग अदलाबदल झाले तर नव्याने झिजू लागतात. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांत क्रमाने पुशरॉड आणि पुढे व्हॉल्व्ह खोचून ठेवण्याची युक्ती जुनी असली तरी तिला पर्याय नाही. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करायचे, इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते वाकते. हेड चिकटले असेल तर गॅस्केटच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह अनेक हेडांना महागात पडलेला आहे. लाकडी हातोडीचे हलके ठोके पुरतात.

हेड वर उचलले गेल्यावर लगेच खरवडायला बसू नये. आधी चारही पिस्टन चांगल्या उजेडात पाहावेत आणि त्यांचे फोटो काढून ठेवावेत. सर्व माथ्यांवर सारखी, कोरडी काजळी असेल तर दोष मिश्रणाचा, म्हणजे कार्ब्युरेटरचा किंवा चोकचा आहे. माथ्याच्या मध्यावर थर, पण कडेने धातू धुतल्यासारखा उघडा दिसत असेल, तर रिंगांवाटे वर येणाऱ्या ऑइलने ती कड धुतली गेलेली असते, आणि अशा इंजिनाचा नुसता कार्बन काढणे म्हणजे मूळ काम टाळणे होय. चारांपैकी एकच पिस्टन संशयास्पद चकचकीत असेल, तर त्या सिलिंडरात गॅस्केटमधून पाणी शिरत होते आणि त्याच्या वाफेने तो स्वच्छ केला, असे समजून गॅस्केटचा तो भाग आणि हेडचा सपाटपणा तपासावा. धातूची सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून तिच्याखालून फीलर गेजची 0.05 मिलिमीटरची पाती जाते का, हे पाहण्याची पद्धत आहे. इनलेट व्हॉल्व्हच्या मानेवर डांबरासारखा मऊ, जाड गोळा असेल, तर ऑइल गाइडमधून उतरते आहे. ही पंधरा मिनिटांची पाहणी दोन दिवसांच्या कामाला दिशा देते. जाणता कारागीर घाईच्या कारागिरापासून ओळखला जातो, तो इथेच.

खरवडताना दोन पिस्टन वर आणतात, उरलेल्या दोन सिलिंडरांत आणि पाण्याच्या व ऑइलच्या सर्व भोकांत स्वच्छ फडकी कोंबतात, आणि वरच्या पिस्टनांच्या कडेने ग्रीसचा गोल भरतात; सुटलेले कण ग्रीसमध्ये अडकतात, रिंगांपर्यंत उतरत नाहीत. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि अनेक गाड्यांत हेडही. या धातूवर लोखंडी पात्याने पडलेला प्रत्येक ओरखडा हा पुढच्या थराला धरून ठेवणारा खड्डा ठरतो. पितळेचा ब्रश, कठीण लाकडाची किंवा बांबूची तासलेली चिप, आणि थर फार टणक असेल तर रात्रभर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवलेले फडके वर पसरून ठेवणे, एवढ्यावर काम भागते. इंजिनाचे भाग कॉस्टिक सोड्यात उकळण्याची प्रथा बिडाच्या हेडांपुरती ठीक होती. अ‍ॅम्बॅसडरचे 1489 घन सेंटिमीटरचे इंजिन पूर्णपणे बिडाचे असल्याने त्याला ती मानवली. अ‍ॅल्युमिनियम मात्र कॉस्टिकमध्ये विरघळते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो, हे न कळल्यामुळे अनेक चांगली हेडे वाया गेली आहेत.

स्कूटरच्या बाबतीत हेच कॉस्टिक चालून जाई, कारण तिथे कार्बन मुख्यतः लोखंडी सायलेन्सरात साचे. पुण्यासारख्या स्कूटरच्या शहरात टू-स्ट्रोक चेतकचा सायलेन्सर काढून भट्टीत जाळणे आणि ठोकून काळी पूड बाहेर पाडणे हा गॅरेजच्या दिनक्रमाचा भाग होता. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाची ती अटळ वसुली होती.

पिस्टनचा माथा पूर्ण लखलखीत करावा की नाही, याबद्दल जुनी मॅन्युअले एक वेगळी सूचना देतात आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. बऱ्याच चाललेल्या इंजिनात कडेला तीनेक मिलिमीटर रुंदीचे कार्बनचे कडे मुद्दाम ठेवावे, असे ती सांगतात, कारण झिजलेला पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट ते कडे काही प्रमाणात बुजवते आणि ऑइल वर येणे रोखते. ते कडे चुकून खरवडले जाऊ नये म्हणून एक जुनी रिंग पिस्टनच्या माथ्यावर सिलिंडरात बसवून काम करण्याची रीत होती. रिंगा नव्या घालायच्याच असतील तर या कड्याचा काही उपयोग नाही, ते काढून टाकावे. रिंगा जुन्याच ठेवायच्या असतील, तर ते काढल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त धूर सोडू लागल्याचा अनुभव येतो, आणि मग दोष कारागिराच्या माथी बसतो. पुस्तकातील ही ओळ न वाचता केलेल्या सफाईने मालक आणि कारागीर यांच्यात किती भांडणे लावली असतील, याची कल्पना करता येते.

व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याच्या अवजाराने सुटे करून, त्यांच्या मानेवरचा कार्बन काढून, मग त्यांची बैठक घासतात. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचा पातळ लेप देऊन, त्याच्या माथ्यावर रबरी चोषक असलेली काठी चिकटवतात आणि दोन्ही तळहातांमध्ये ती काठी उलटसुलट फिरवतात. दर काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा बसवायचा, म्हणजे घर्षण सगळीकडे सारखे होते. सुरुवातीला जाड कणांचा कर्र असा आवाज येतो, पेस्ट झिजली की तो मऊ होत जातो, आणि कान तयार असलेला कारागीर त्या आवाजावरूनच थांबतो. कडेवर आणि बैठकीवर अखंड, सारख्या रुंदीचा करडा पट्टा उमटला की काम झाले. पेस्टचा एकही कण मागे राहिला तर तो ऑइलबरोबर फिरून बेअरिंगे खातो, म्हणून रॉकेलने धुऊन, हवा मारून, पुन्हा धुणे आवश्यक आहे. शेवटी व्हॉल्व्ह बसवलेल्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवतात; काही मिनिटांत दुसऱ्या बाजूला ओल दिसली, तर पेस्ट पुन्हा हातात घ्यावी लागते.

सीएनजीवर चालवलेल्या जुन्या टॅक्सींची हेडे उघडल्यावर वेगळेच चित्र दिसे. नैसर्गिक वायूत जड घटक नसल्यामुळे इंधनाचा कार्बन जवळजवळ बसत नाही आणि माथा उजळ राहतो. पण द्रव इंधनाचा आणि पूर्वी शिशाच्या थराचा जो ओलावा व आधार व्हॉल्व्हच्या बैठकीला मिळे, तो नाहीसा झाल्याने बैठक खोल झिजत जाते. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली, तोवर मुंबईतल्या कारागिरांनी या दोन्ही प्रकारच्या झिजेवर काम करण्याचा दीर्घ अनुभव घेतलेला होता. तो अनुभव कुठेही लिहिला गेला नाही, ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

हेड न उघडता कार्बन काढण्याचे जे उपाय आज विकले जातात, त्यांचा दर्जा एकसारखा नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या द्रवांपैकी ज्यांत पॉलिईथर अमाइन हे रसायन पुरेशा प्रमाणात असते, ते इनलेट व्हॉल्व्हवरचा आणि काही प्रमाणात सिलिंडरातला थरही सैल करतात. काही जुन्या प्रकारचे द्रव व्हॉल्व्ह साफ करताना सिलिंडरातला थर वाढवूही शकतात. घाटात किंवा महामार्गावर इंजिन पूर्ण तापलेले असताना काही वेळ त्याला भरपूर काम देणे, हा बिनखर्चाचा उपायही शास्त्राला धरून आहे, कारण त्याने थराचा पृष्ठभाग जळण्याच्या तापमानापर्यंत पोहोचतो. अट एवढीच की रेडिएटर, पंखा आणि होज आधी तपासलेले असावेत. कार्ब्युरेटरमधून पाण्याचे तुषार सोडण्याचा प्रयोग मात्र हाताच्या अंदाजावर करू नये: वाफ कार्बन उकलते हे खरे, पण पाणी दाबले जात नाही, आणि जास्त पाणी सिलिंडरात गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याच्या विघटनातून मिळवलेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू अर्धा-एक तास इंजिनाला पाजणारी यंत्रे आता शहरोशहरी दिसतात. निष्क्रिय गतीने फिरणाऱ्या इंजिनात पिस्टनचा माथा फारसा तापत नाही, आणि आत सोडलेल्या वायूचे प्रमाण इंजिन ओढत असलेल्या हवेच्या मानाने अल्प असते. दगडासारखा टणक थर एवढ्याने निघावा, हे पटण्यास कठीण आहे. ज्या गॅरेजला तसा विश्वास असेल त्याने प्लगच्या भोकातून आधीचे आणि नंतरचे छायाचित्र ग्राहकाला द्यावे, ही मागणी रास्त आहे.

2000 सालाच्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन पोर्ट इंजेक्शन आले, तेव्हा पेट्रोलचा फवारा थेट इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडू लागल्याने तो धुतला जाऊ लागला. पुढे थेट सिलिंडरात इंधन सोडणाऱ्या इंजिनांत हे धुणे थांबले आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन नव्याने डोकेदुखी झाला. त्यावर अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारण्याची पद्धत वापरतात, कारण तो भुगा कार्बन तोडतो, पण धातूला ओरखडत नाही. डिझेल गाड्यांत जळालेला वायू पुन्हा आत घेणाऱ्या ईजीआर झडपेची काजळी आणि क्रँककेसमधली ऑइलची वाफ मिळून इनटेक मॅनिफोल्ड आतून बुजवतात. तिथे मॅनिफोल्ड काढून धुणे हाच खरा मार्ग. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल 2023 पासून येऊ लागले असून ते स्वतः स्वच्छ जळते, मात्र उत्तम द्रावक असल्याने जुन्या टाकीतला आणि नळ्यांतला राळेसारखा गाळ सुटा करून कार्ब्युरेटरच्या जेटांपर्यंत नेते. जुन्या गाडीला हे इंधन घालणाऱ्याने फिल्टर लवकर बदलावा आणि रबरी नळ्या व डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घालावेत.

हेड परत बसवताना गॅस्केट नेहमी नवे असावे, बोल्टांची भोके ऑइल आणि पाण्यापासून कोरडी केलेली असावीत, आणि बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरापर्यंत टॉर्क रेंचने आवळावेत. जुन्या प्रकारच्या गॅस्केटचे बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे लागतात, आणि हेड आवळले की व्हॉल्व्हची फट बदलते, म्हणून टॅपेट त्यानंतर पुन्हा जुळवावे लागतात. इग्निशनचा टायमिंगही नव्याने ठरवावा. कार्बनमुळे होणारे ठोके लपवण्यासाठी तो कुणीतरी मागे नेलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो तसाच राहिला तर सफाई होऊनही गाडी लोड घेत नाही. ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून, पाचेकशे किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलणे शहाणपणाचे, कारण कितीही जपले तरी काही कण खाली गेलेले असतात. त्याच वेळी प्लग पुन्हा काढून पाहावेत, कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे आणि आधीच्या चार आकड्यांशेजारी नवे चार आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. ते कामाआधी लिहून ठेवलेले नसतील, तर काम किती साधले याचा निवाडा मालकालाही करता येत नाही आणि कारागिरालाही.